इतिहासाच्या प्राध्यापकाने कॉलेज चालवावं का? जिल कर कॉनवे यांच्या निमित्ताने

अमेरिकेत एखाद्या कॉलेजचा किंवा युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट अडचणीत आला की एक ठरलेला वाद सुरू होतो. डिसेंबर २०२३ मध्ये तीन मोठ्या संस्थांच्या प्रेसिडेंट अमेरिकी काँग्रेसच्या कमिटीसमोर बसल्या, त्यांची उत्तरं लोकांना पटली नाहीत, आणि महिन्याभरात त्यातल्या दोघींना पद सोडावं लागलं, तेव्हा तर हा वाद जगभर पोचला. एक बाजू म्हणते, बघा, प्रोफेसर लोकांना हे झेपत नाही, अब्जावधी डॉलरचा कारभार आहे, कंपनी चालवलेला माणूस आणा. दुसरी बाजू म्हणते, विद्वान माणसाला फायलींत गाडणं हाच मुळात गुन्हा आहे, त्याला त्याच्या अभ्यासात राहू द्या. ऐकताना वाटतं की दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत, पण नीट बघितलं तर दोघांनी एकच गोष्ट धरून चाललेली असते, की प्रेसिडेंटच्या खुर्चीत बसलं की विद्वत्ता संपली, आता ती कामाची नाही. मला हे साफ चुकीचं वाटतं. माणूस आयुष्यभर जे प्रश्न विचारत आला ते प्रश्न तो खुर्चीत बसल्यावर दाराबाहेर ठेवत नाही, ते त्याच्याबरोबर आत येतात आणि त्यांच्यावरच पुढचे मोठे निर्णय ठरतात. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे जिल कर कॉनवे, मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थहॅम्प्टन गावच्या स्मिथ कॉलेजच्या १९७५ ते १९८५ या काळातल्या प्रेसिडेंट. मुलींच्या या कॉलेजचं प्रमुखपद मिळालेल्या त्या पहिल्या बाई, आणि हे कॉलेज सुरू झालं होतं १८७५ मध्ये! म्हणजे मुलींच्या कॉलेजला बाई प्रमुख मिळायला शंभर वर्षं लागली.

त्यांचं आयुष्य थोडं सांगायला हवं, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. जन्म १९३४ चा, ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या हिल्स्टनचा. आईवडिलांचं कुरेन नावाचं मेंढ्यांचं रान होतं, सुरुवातीलाच १८,००० एकर, आणि ही जागा इतकी एकाकी की शाळा म्हणजे पोस्टाने येणारे धडे आणि ते शिकवणारी आई. मग दुष्काळ पडला, वर्षामागून वर्षं, मेंढ्या मेल्या, जमीन वाऱ्याने उडून गेली, आणि त्यातच पाण्याच्या पाइपचं काम करताना वडील बुडून गेले. जिल तेव्हा दहा-अकरा वर्षांची. आई मुलांना घेऊन सिडनीला आली. पुढे थोरला भाऊ गाडीच्या अपघातात गेला. अशा घरातली ही मुलगी सिडनी युनिव्हर्सिटीत इतिहास शिकली, १९५८ मध्ये अव्वल मार्कांनी पास झाली, आणि परराष्ट्र खात्यात नोकरीसाठी अर्ज केला. तिच्याबरोबरच्या दोन मुलांना घेतलं, हिला नाही. नंतर कानावर आलेली कारणं अशी की दिसायला फार चांगली आहे, वर्षभरात लग्न करून जाईल, आणि बुद्धीने फार आक्रमक आहे. मुलाखत घेणाऱ्यांना यात काही वावगं वाटलं नाही हे जास्त बोचणारं आहे, कारण त्यांच्या दृष्टीने ते अगदी साधं, समजूतदार बोलणं होतं.

इथे बरेच जण म्हणतात की अन्याय झाला आणि म्हणून ती जिद्दीने पेटून उठली वगैरे. मला ती मांडणी अपुरी वाटते. जिद्द तर लाखो बायकांकडे असते. कॉनवेंनी जे केलं ते वेगळं होतं, त्यांनी त्या नकाराला प्रश्न केला. ही व्यवस्था अशी कधीपासून आहे, कुणी ठरवली, आणि ती ठरवताना दुसरा कुठला पर्याय समोर होता का? १९६० मध्ये त्या अमेरिकेत हार्वर्डला गेल्या आणि संशोधनाला विषय घेतला तो अमेरिकेतल्या कॉलेज शिकलेल्या बायकांची पहिली पिढी. १९६९ मध्ये पीएचडी झाली. या पिढीतली सगळ्यात गाजलेली बाई म्हणजे जेन अॅडम्स, जिने १८८९ मध्ये शिकागोच्या गरीब वस्तीत हल हाउस नावाचं समाजसेवेचं केंद्र सुरू केलं. कॉनवेंनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. या बायकांची खाजगी पत्रं वाचली तर त्या पक्क्या योजना करणाऱ्या, पैसा जमवणाऱ्या, माणसं जोडणाऱ्या दिसतात, आणि त्याच बायकांची छापलेली आत्मचरित्रं वाचली तर सगळं कसं आपोआप घडत गेलं, परिस्थितीने ओढून नेलं, असा सूर. म्हणजे स्वतःची महत्त्वाकांक्षा त्यांनी स्वतःच पुसून टाकली होती, कारण बाईने ती दाखवणं त्या काळी बसत नव्हतं. आता विचार करा, ज्या माणसाने दहा वर्षं ही कागदपत्रं वाचली त्याच्यासमोर उद्या एखादी विद्यार्थिनी किंवा प्राध्यापिका येऊन म्हणाली की मला काही विशेष नको, जे मिळेल ते चालेल, तर त्याला त्या वाक्यात काय ऐकू येईल? आणि हेच वाक्य नुसता बजेट बघणारा माणूस कसं ऐकेल?

टोरांटो युनिव्हर्सिटीत १९६४ पासून त्या शिकवत होत्या. १९७१ मध्ये इतिहासकार नॅटली झेमन डेव्हिस यांच्याबरोबर त्यांनी तिथे बायकांच्या इतिहासाचा कोर्स सुरू केला, उत्तर अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या अशा कोर्सेसपैकी एक. त्याच काळात लक्षात आलं की बरोबरीच्या पुरुष प्राध्यापकांपेक्षा आपल्याला पगार कमी आहे, मग त्या भांडल्या, नुसतं स्वतःपुरतं नाही तर इतर बायकांच्या पगारासाठीही, आणि १९७३ मध्ये त्याच युनिव्हर्सिटीच्या व्हाइस प्रेसिडेंट झाल्या. हा भाग मी मुद्दाम सांगतोय, कारण मॅनेजरवाल्यांचा इथे एक खरा मुद्दा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. कॉनवे थेट ग्रंथालयातून उठून प्रेसिडेंट झाल्या नाहीत. मध्ये दोन वर्षं त्यांनी एका मोठ्या युनिव्हर्सिटीचा अंतर्गत कारभार बघितला होता, बजेट, वसतिगृहं, विद्यार्थ्यांची आंदोलनं, सगळं. नुसती विद्वत्ता पुरते असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. ज्याला ताळेबंद वाचता येत नाही त्याला संस्था देऊ नये, इथवर मी त्यांच्याबरोबर आहे.

पण त्यांची गाडी तिथे थांबत नाही. ते म्हणतात ताळेबंद वाचणं हेच काम आहे, बाकी सगळं शोभेचं. आता १९७५ सालच्या स्मिथमध्ये काय प्रश्न होता ते बघा. त्या काळात मुलामुलींनी एकत्र शिकणं हेच पुढारलेपण असं सगळ्यांनी धरलेलं. येल आणि प्रिन्स्टनने १९६९ मध्ये मुली घेतल्या, व्हासारने त्याच वर्षी मुलगे घेतले, शेजारच्याच अॅमहर्स्टने १९७५ पासून मुलींना दार उघडलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मुलींची दोनशेहून जास्त कॉलेजं होती, ती भराभर बंद पडत होती किंवा मुलगे घेत होती. स्मिथमध्येही हा वाद होऊन गेला होता. नुसत्या आकड्यांवर निर्णय घ्यायचा असता तर तो सोपा होता, मुलगे घ्या, अर्ज वाढतील, फीचं उत्पन्न वाढेल, बाजार तिकडेच चाललाय. कुठल्याही शहाण्या मॅनेजरने हाच सल्ला दिला असता, आणि त्याला मूर्ख म्हणता येणार नाही, व्हासारचं काही वाईट झालं नाही.

कॉनवेंकडे वेगळी माहिती होती, आणि ती इतिहासातून आलेली होती. अमेरिकेत मुलामुलींना एकत्र कॉलेजशिक्षण देणारी पहिली जागा म्हणून ओबर्लिनचं नाव मोठ्या अभिमानाने घेतलं जातं, १८३७ मध्ये तिथे मुली पदवीच्या वर्गात बसल्या. कॉनवेंनी १९७४ मध्ये, म्हणजे स्मिथला येण्याच्या आदल्याच वर्षी, शिक्षणाच्या इतिहासाच्या एका नियतकालिकात लेख लिहून दाखवलं की त्या अभिमानाखाली काय होतं. ओबर्लिनमध्ये मुली शिकत होत्या, पण त्याच मुली मुलांचे कपडे धूत होत्या, शिवत होत्या, जेवणघर सांभाळत होत्या. संस्थेचा खर्च भागत होता तो त्यांच्या त्या कामावर. आणि १८४७ मध्ये लूसी स्टोन पदवीधर झाली तेव्हा तिचा निबंध स्टेजवर तिला स्वतः वाचता येणार नाही, पुरुष वाचेल, असं सांगितलं गेलं, तर तिने तो लिहायलाच नकार दिला. एका छताखाली बसणं म्हणजे बरोबरी मिळणं नाही. हे आज आपल्याला पाठ आहे, पण १९७५ मध्ये, जेव्हा चांगली चांगली पुरोगामी माणसंसुद्धा एकत्र शिक्षण आलं की प्रश्न मिटला असं समजत होती, तेव्हा हे म्हणायला कागदपत्रं हातात असावी लागत होती. कॉनवेंनी विचारलं, एकत्र शिकवणाऱ्या कॉलेजात प्राध्यापिका किती? निर्णय घेणाऱ्या कमिट्यांवर बायका किती? स्मिथ मुलींचंच राहिलं. आणि नुसतं राहिलं नाही तर प्राध्यापिकांची भरती, बायकांच्या आयुष्यावरचं संशोधन, खेळाच्या सोयी, नोकरी करणाऱ्या बायकांसाठी मॅनेजमेंटचे कोर्स असा त्याचा पुढचा विस्तार झाला.

इथे एक जोरदार आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. हे सगळं स्मिथला परवडलं कारण स्मिथ श्रीमंत होतं, छोटी गरीब कॉलेजं असा ताठ कणा दाखवायला गेली असती तर बंदच पडली असती. खरं आहे. अनेक पडलीसुद्धा, आणि त्यांच्या प्रेसिडेंट काही अडाणी नव्हत्या. शिवाय कॉनवेंच्या काळात एन्डोमेंट, म्हणजे कॉलेजचा कायमचा निधी, जवळपास तिप्पट झाला असं कौतुकाने सांगितलं जातं, तिथेही मी सावध राहीन, कारण १९७५ ते १९८५ या दहा वर्षांत अमेरिकेत महागाईच दुप्पट झाली, म्हणजे खरी वाढ दीडपटीच्या आसपास. ती वाईट नाहीच, विशेषतः मुलींच्या कॉलेजचे दिवस भरले असं सगळे म्हणत असताना. पण चमत्कार म्हणून मिरवण्यासारखीही नाही. माझा दावा निधीवर उभा नाहीच मुळी. माझा दावा आहे की समोर आलेल्या प्रश्नाचा खरा आकार कुणाला दिसला, यावर.

आणि हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते अडा कॉमस्टॉक स्कॉलर्स या कार्यक्रमात. नेहमीच्या वयात कॉलेज करू न शकलेल्या बायकांना पदवीसाठी परत घ्यायचं, असा हा कार्यक्रम १९७५ मध्ये सुरू झाला आणि कॉनवेंच्या काळात भक्कम उभा राहिला. ज्यांच्या नावाने तो आहे त्या अडा कॉमस्टॉक स्मिथच्या डीन होत्या, आणि १९१७ मध्ये प्रेसिडेंटची जागा रिकामी होती तेव्हा काही महिने त्यांनीच कॉलेज चालवलं, पण त्यांना हंगामी प्रेसिडेंट हे पदनामसुद्धा दिलं गेलं नाही, कारण त्या बाई होत्या. साठ वर्षांनी, काम केलं पण नाव मिळालं नाही अशा हजारो बायकांसाठीच्या कार्यक्रमावर तिचं नाव लागलं. संस्थेने स्वतःच्या जुन्या वागण्याचा असा हिशोब चुकता करणं मला फार मोलाचं वाटतं.

पण नावापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची. या बायकांमध्ये सरकारी मदतीवर मुलं वाढवणाऱ्या आया होत्या. कॉलेजने त्यांना स्कॉलरशिप दिली की सरकार ते उत्पन्न धरायचं आणि मदत बंद करायचं, म्हणजे शिकायचं असेल तर पोराबाळांच्या तोंडचा घास सोडा. सरळ विचार करणारा प्रशासक म्हणाला असता, नियम आहे, आपण काय करणार, किंवा अशा अर्जदार घेऊच नका. कॉनवेंनी रोख स्कॉलरशिप द्यायच्या ऐवजी घरभाडं, पुस्तकं असे खर्च वेगळ्या वाटेने उचलायला सुरुवात केली. ती गोष्ट टीव्हीवर आली, गाजली, आणि शेवटी मॅसॅच्युसेट्सने नियम बदलला. हे काम कुठलाही दयाळू माणूस करू शकला असता असं म्हणता येईल. पण दयाळू माणूस बहुतेक वेळा एकेका बाईला गुपचूप मदत करतो. नियम हा निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी कुठल्यातरी साली कुठल्यातरी समजुतीवर केलाय, आणि ती समजूत म्हणजे गरीब बाईने शिकण्यापेक्षा घरी बसावं, हे ज्याला रोज दिसतं तोच नियमाशी भांडायला जातो. जेन अॅडम्सची पिढी नेमकं हेच करत होती आणि कॉनवेंनी त्या पिढीची पत्रं वाचली होती.

आता दुसऱ्या बाजूच्या उदाहरणांकडे येतो. मॅनेजर किंवा राजकारणी प्रेसिडेंट वाईटच असतात असं अजिबात नाही. मिच डॅनियल्स एका औषध कंपनीत वरच्या पदावर होते, मग इंडियानाचे गव्हर्नर, आणि २०१३ पासून २०२२ च्या शेवटापर्यंत पर्ड्यू युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट. त्यांनी तिथली फी वर्षानुवर्षं गोठवून ठेवली, आणि ज्या देशात कॉलेजच्या कर्जाने पोरांचं कंबरडं मोडलंय तिथे हे फार मोठं काम आहे, किती विद्वान प्रेसिडेंटना हे जमलं? पण याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीज युनिव्हर्सिटीने २०१५ मध्ये गुंतवणूक क्षेत्रातला सायमन न्यूमन नावाचा माणूस प्रेसिडेंट म्हणून आणला. पहिल्या वर्षातून किती मुलं गळतात हा आकडा सुधारायचा होता, तर योजना अशी की जी मुलं टिकणार नाहीत असं वाटतं ती सत्राच्या सुरुवातीलाच ओळखून बाहेर काढायची, म्हणजे ती मोजलीच जाणार नाहीत. प्राध्यापकांनी हरकत घेतली तेव्हा या मुलांना सशाच्या पिल्लांसारखं बघू नका, पिल्लं बुडवावी लागतात, अशा अर्थाचं ते बोलले. विद्यार्थ्यांच्या पेपरने हे छापलं, पेपरच्या सल्लागार प्राध्यापकाला काढलं गेलं, देशभर ओरड झाली, आणि फेब्रुवारी २०१६ च्या शेवटी न्यूमन गेले. एका माणसावरून सगळ्या मॅनेजरांना मी नापास करत नाही. माझा मुद्दा एवढाच की आकडा सुधारणं आणि आकड्यामागची गोष्ट सुधारणं यातला फरक न्यूमनना त्यांच्या आधीच्या आयुष्याने शिकवला नव्हता, आणि तेही आपलं आधीचं आयुष्य घेऊनच खुर्चीत बसले होते. म्हणजे विद्वानाचीच विद्या आत येते असं नाही, मॅनेजरचीही येते. कोरा माणूस कुणीच नसतो.

मग कुणी विचारेल, आणि हा आक्षेप मला सगळ्यात तगडा वाटतो, की वुड्रो विल्सनचं काय? तेही इतिहास आणि राज्यशास्त्राचे डॉक्टरेट, अमेरिकी जनतेचा कित्येक खंडांचा इतिहास लिहिलेले, १९०२ ते १९१० प्रिन्स्टनचे प्रेसिडेंट. छोट्या गटात शिकवण्याची पद्धत त्यांनी आणली, ती उत्तम होती. पण काळ्या विद्यार्थ्यांना त्यांनी प्रिन्स्टनपासून लांब ठेवलं, आणि २०२० मध्ये प्रिन्स्टनने आपल्या एका स्कूलवरून त्यांचं नाव काढलं. इतिहासकार असून असं? मी म्हणेन इतिहासकार असूनच. त्यांच्या इतिहासलेखनात दक्षिणेतल्या गोऱ्यांबद्दल जी कणव होती आणि गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांबद्दल जो तुच्छभाव होता, तोच प्रवेशाच्या धोरणात उतरला. म्हणजे विल्सन माझ्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा नाहीत, बाजूचाच आहेत. विद्या खुर्चीपर्यंत येते, चांगली असो की वाईट. याच्या उलट अँड्र्यू डिक्सन व्हाइट बघा, मिशिगनमध्ये इतिहास शिकवायचे, मग न्यूयॉर्कच्या सिनेटमध्ये एझ्रा कॉर्नेल भेटला आणि दोघांनी १८६५ मध्ये कॉर्नेल युनिव्हर्सिटी काढली, व्हाइट पहिले प्रेसिडेंट. धर्मपंथांनी ज्ञानाला कशी आडकाठी केली हा त्यांच्या डोक्यातला जन्मभराचा विषय, तर कॉर्नेल निघालं कुठल्याच पंथाचं नसलेलं. त्यांचा तो विज्ञान विरुद्ध धर्म हा सिद्धांत आजचे इतिहासकार फार ढोबळ मानतात, ते बरोबरच आहे, पण त्याने उभी केलेली संस्था मात्र टिकली.

राहिला तो अभ्यासक वाया जातो हा मुद्दा, आणि आपल्या लोकांना तो जास्त भिडतो, कारण आपल्यासमोर इतिहासकार जदुनाथ सरकार आहेत. शिवाजी महाराजांवर लिहिलेले, रियासतकार सरदेसाईंचे जिवलग मित्र. १९२६ ते १९२८ ते कलकत्ता युनिव्हर्सिटीचे व्हाइस चान्सलर होते, दोन वर्षांत बाहेर पडले, आणि त्यानंतर मुघल साम्राज्याच्या पडझडीचे चार खंड लिहिले, १९३२ ते १९५०. ते खुर्चीत अडकून पडले असते तर ते खंड झाले असते का? बहुतेक नसते झाले. कॉनवेंच्या बाबतीतही नुकसान खरं आहे, त्यांची १९६९ ची थीसिस पुस्तक म्हणून आली ती १९८७ मध्ये, म्हणजे प्रेसिडेंटपद सोडल्यावर. मधल्या काळात त्या विषयावर इतरांनी कितीतरी लिहिलं. हे मी हलकं करून सांगणार नाही, एका चांगल्या इतिहासकाराची भरातली दहा वर्षं गेली. पण ती वाया गेली का? पद सोडल्यावर १९८९ मध्ये त्यांनी कुरेनच्या लहानपणाचं आत्मचरित्र लिहिलं, पुढे आणखी दोन, आणि त्यात आपली महत्त्वाकांक्षा कुठेही झाकली नाही, मला हे हवं होतं आणि मी ते मिळवलं, असं सरळ लिहिलं. जेन अॅडम्सने जे लपवलं ते उघड लिहायचं हा निर्णय एका इतिहासकाराचा आहे, आणि मला वाटतं सत्ता प्रत्यक्ष हाताळल्याशिवाय तो इतक्या मोकळेपणाने लिहिता आला नसता.

एक गोष्ट मात्र मला खरंच खटकते आणि तिचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. स्मिथ सोडल्यावर कॉनवे मोठ्या कंपन्यांच्या बोर्डांवर गेल्या, १९८७ पासून नाइकेच्या बोर्डावर. नव्वदच्या दशकात आशियातल्या कारखान्यांत, जिथे नाइकेचे बूट बनायचे आणि कामगार बहुतेक तरुण बायका, तिथल्या पगारावरून आणि हालांवरून जगभर टीका झाली. कॉनवे बोर्ड सोडून गेल्या नाहीत. आत राहून कामगारांच्या परिस्थितीवर लक्ष ठेवण्याच्या कामात त्या पडल्या हे खरं. पण ज्या बाईने कारखान्यातल्या बायकांसाठी लढणाऱ्या सुधारक स्त्रियांवर पीएचडी केली तिच्याकडून माझी अपेक्षा जास्त होती. कुणी म्हणेल, बघा, खुर्ची माणसाला श्रीमंतांच्या पंगतीत नेते आणि मग जीभ मऊ होते. यात तथ्य आहे. पण मग हा आक्षेप इतिहासकारांवर नाही, प्रेसिडेंटपदाच्या आजच्या स्वरूपावर आहे, जिथे देणगीदारांना खुश ठेवण्यात निम्मं आयुष्य जातं, आणि त्या पंगतीत जो आधीपासूनच बसलेला आहे अशा माणसाला आणल्याने तो सुटणार कसा?

म्हणून माझं म्हणणं निवड करणाऱ्या कमिट्यांबद्दल आहे. आज प्रेसिडेंट शोधायला एजन्सी नेमतात, उमेदवाराने किती निधी जमवला, किती माणसांचं खातं सांभाळलं, मुलाखतीत कसा बोलतो, हे सगळं तपासतात. त्याने लिहिलेलं कुणी वाचतं का? विद्वान असेल तर त्याची पुस्तकं नुसती मोजतात, मॅनेजर असेल तर त्याने आधीच्या कंपनीत अडचणीच्या वेळी कुणाला वाचवलं आणि कुणाला काढलं हे कुणी खोदत नाही. विल्सनची पुस्तकं नीट वाचली असती तर काळ्या विद्यार्थ्यांचं काय होणार हे १९०२ मध्येच कळलं असतं, अर्थात तेव्हाच्या विश्वस्तांना ते खटकलं नसतं ही वेगळी गोष्ट. आणि नुसतं इतिहासकार हे लेबल बघायचं तर कॉनवेंच्या आधीचे स्मिथचे प्रेसिडेंट टॉमस मेंडेनहॉल हेही येलचे इतिहासाचे प्राध्यापक होते, कॉनवेंच्या नंतर आलेल्या मेरी मेपल्स डन याही इतिहासकार, तीनही माणसं वेगळी आणि तिघांच्या हातचं स्मिथही वेगळं. फरक पडला तो विषयाने. १९७४ चा तो ओबर्लिनवरचा लेख छापील होता, कुणालाही ग्रंथालयात मिळाला असता, आणि पुढच्या दहा वर्षांतलं स्मिथ कोणत्या बाजूला उभं राहणार हे त्यात बऱ्यापैकी लिहिलेलं होतं.